नवी बीएमडब्ल्यू एक्स१ आणि गाडीवेड्यांची मतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे नेमक्या कोणत्या गाडीबद्दल बोलतोय?

बीएमडब्ल्यू एक्स१ या छोट्या एसयूव्हीच्या तिसऱ्या पिढीबद्दल. कंपनीच्या अंतर्गत नावानुसार ही यू११. जून २०२२ मध्ये ती जगासमोर आली आणि जानेवारी २०२३ मध्ये आपल्याकडे विक्रीला लागली. जर्मनीत ती रेगेन्सबुर्गला बनते, भारतासाठी चेन्नईच्या कारखान्यात जुळवली जाते. भारतात आली तेव्हा पेट्रोल ४५.९० लाख आणि डिझेल ४७.९० लाख रुपयांना होती, दोन्ही एक्स-शोरूम.

पुढे पिढ्यांचा उल्लेख सारखा येणार आहे, म्हणून एवढं लक्षात असू द्या: पहिली पिढी ई८४ (२००९), दुसरी एफ४८ (२०१५), तिसरी यू११.

जुनी मंडळी पहिल्या एक्स१चं एवढं कौतुक का करतात?

कारण ती खऱ्या अर्थानं एसयूव्ही नव्हतीच. तेव्हाच्या ३ सिरीजच्या इस्टेट, म्हणजे लांब डिकीच्या गाडीच्या पायावर ती उभी होती. इंजिन लांबीच्या दिशेनं बसवलेलं, नाक लांबलचक, ताकद मागच्या चाकांना. उंची फक्त १५४५ मिलिमीटर. आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या यू११पेक्षा ती जवळपास १० सेंटिमीटर बुटकी होती. परदेशात तिच्यात तीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिनही मिळायचं.

मागची चाकं ढकलतात आणि पुढची फक्त वळवतात, तेव्हा स्टीअरिंगवर इंजिनाची ओढ येत नाही. घाटात हे लगेच कळतं. ताम्हिणीत किंवा आंबोलीत वळण संपता संपता पाय दाबला की गाडी मागच्या पायावर बसते आणि पुढे झेपावते. ज्यानं हे एकदा हातानं अनुभवलं, त्याला आकडे दाखवून समजावता येत नाही. या कौतुकात काहीही भाबडं नाही. ती चव खरी होती.

किंमतही कारण होतीच. भारतात २०१० च्या अखेरीस ही गाडी २२ लाखांपासून सुरू झाली आणि अनेक घरांत पहिली बीएमडब्ल्यू म्हणून आली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळ गाडीवेड्यांची बीएमडब्ल्यूशी पहिली ओळख तिच्यामुळेच झाली. नव्या गाडीचं माप काढताना ते त्या आठवणीशीच ताडून बघतात.

मग कंपनीनं मागच्या चाकांची ताकद सोडली कशाला?

जागेसाठी. ई८४चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २७६० मिलिमीटर होतं. आजच्या यू११चं २६९२ आहे. तरीही मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा नव्या गाडीत कितीतरी जास्त आहे. डिकी ४२० लिटरवरून ५०० लिटरच्या घरात गेली. इंजिन आडवं बसवलं की नाक आखूड होतं आणि वाचलेली लांबी माणसांना मिळते.

दुसरं कारण माणसांचं आहे. बीएमडब्ल्यूचे तेव्हाचे प्रमुख नॉर्बर्ट राइटहोफर यांनी २०१० मध्ये सांगितलं होतं की कंपनीच्या पाहणीत १ सिरीजच्या ८० टक्के मालकांना आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते असं वाटत होतं. ती चालत होती मागच्या चाकांवर. हा आकडा ऐकल्यावर मला वाईट वाटलं होतं, पण कंपनीच्या जागी कोणीही असतं तरी हाच निर्णय घेतला असता. मिनीच्या गाड्यांसाठी आडव्या इंजिनाचा साचा तयारच होता, एक्स१ त्यावर गेली.

एक मुद्दा चर्चेत नेहमी निसटतो. हा बदल २०१५ मध्ये, एफ४८ आली तेव्हाच झाला. यू११नं आपल्याकडून मागची चाकं हिरावली म्हणून तिच्यावर राग काढणं बरोबर नाही. तिचा हिशेब तिनं स्वतः काय दिलं आणि काय काढून घेतलं यावरच व्हायला हवा.

पाठीवर जुनीच ‘एसड्राइव्ह’ पट्टी आहे. मग फरक कसा?

ई८४वर एसड्राइव्ह म्हणजे मागच्या चाकांना ताकद. एफ४८ आणि यू११वर तीच पट्टी म्हणजे पुढच्या चाकांना. जुनी गाडी शोधताना पट्टी न बघता पिढी बघा.

म्हणजे नवी गाडी चालवायला कंटाळवाणी आहे का?

नाही, आणि हे मी ठामपणे सांगतो. स्टीअरिंग झटपट आहे, गाडी वळणात फारशी कलत नाही, मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक, म्हणजे अनेक दांड्यांवर बसवलेलं असल्यामुळे वळणात मध्येच खड्डा आला तरी मागची बाजू उडी मारत नाही. या वर्गात हे सगळ्यांना जमत नाही.

कमी पडतं ते एवढंच की रस्त्याची खबर हातापर्यंत पोचत नाही. पुढचे टायर किती ताणले गेलेत हे ई८४ बोटांना सांगायची. यू११मध्ये ते टायरच्या आवाजावरून ओळखावं लागतं. डिझेलमध्ये ३६० न्यूटन-मीटरचा सगळा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, पुढच्या दोन चाकांवर येतो. पावसाळ्यात ओल्या चढाच्या वळणातून पूर्ण पाय दाबून बाहेर पडलात तर आतलं चाक क्षणभर घसरतं, मग चाक घसरू न देणारी यंत्रणा, ट्रॅक्शन कंट्रोल, लगाम खेचते. शांतपणे चालवणाऱ्याला हे वर्षानुवर्षं जाणवणारही नाही.

चारही चाकांना ताकद देणारी एक्सड्राइव्ह परदेशातल्या यू११ला मिळते. आपल्याकडच्या पेट्रोल आणि डिझेल प्रकारांत ती दिलेली नाही. गाडीवेड्यांच्या सगळ्या तक्रारींत ही मला सर्वांत न्याय्य वाटते. दर पावसाळ्यात कोकणात उतरणाऱ्या माणसाला पन्नास लाखांच्या जर्मन गाडीत हा पर्याय मिळायला हवा होता.

तीन सिलिंडरच्या इंजिनाला लोक नाक मुरडतात. ते कितपत खरं?

अर्धं खरं. पेट्रोल एसड्राइव्ह१८आयमध्ये १४९९ सीसीचं टर्बो इंजिन आहे: १३६ हॉर्सपॉवर, २३० न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर ९.२ सेकंद. इंजिन म्हणून ते कच्चं नाही. याच कुळातलं तीन सिलिंडरचं इंजिन बीएमडब्ल्यूनं आय८ या स्पोर्ट्स कारमध्ये २३१ हॉर्सपॉवरपर्यंत ताणलं होतं. तीन सिलिंडरमुळे येणारा हेलकावा मारायला आत बॅलन्स शाफ्ट आहे, आणि चालत्या गाडीत थरथर जवळपास जाणवत नाही.

तक्रार जिथे पटते ती जागा म्हणजे भरलेली गाडी आणि चढ. चार माणसं, सामान, एसी चालू आणि समोर बोरघाट, अशा वेळी १३६ घोडे पुरतात, पण उरत नाहीत. ओव्हरटेक करताना आधी मनात हिशेब करावा लागतो. आवाजही त्या बोनेटला शोभणारा नाही.

डिझेल १८डी हे चार सिलिंडरचं दोन लिटर इंजिन आहे, १५० हॉर्सपॉवरचं. शून्य ते शंभर ८.९ सेकंद, म्हणजे कागदावर पेट्रोलपेक्षा जेमतेम पुढे. प्रत्यक्षात टॉर्कमुळे दोन वेगळ्या गाड्या वाटाव्यात इतका फरक पडतो. ताशी ८० वरून ११० ला जाताना डिझेल मागे वळून बघत नाही. महिन्यातून दोनदा तरी पुणे-कोल्हापूर किंवा मुंबई-नाशिक करणाऱ्यानं माझ्या मते पेट्रोलकडे बघूच नये.

गिअरबॉक्सबद्दल काय ऐकायला मिळतं?

सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. मोकळ्या रस्त्यावर गिअर कधी बदलला ते कळत नाही. हिंजवडीच्या किंवा ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये, मुंगीच्या पावलानं सरकताना, कधीकधी हलका धक्का बसतो. ब्रेकवरून पाय अलगद उचलायची सवय लागली की तो कमी होतो.

गोल बटण गेलं म्हणून इतका गदारोळ का?

कारण बीएमडब्ल्यूची सर्वांत चांगली सवय त्या बटणात होती. आयड्राइव्हचं, म्हणजे गाडीतला पडदा चालवण्याच्या प्रणालीचं गोल बटण २००१ मध्ये ७ सिरीजमध्ये आलं. तेव्हा याच गाडीवेड्यांनी आणि परीक्षकांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या, कारण मेन्यू किचकट होते. कंपनीनं चिकाटीनं वीस वर्षं ते सुधारलं, इतकं की रस्त्यावरची नजर न हलवता, फक्त बोटांना जाणवणाऱ्या खटक्यांवरून गाणं, नकाशा, फोन सगळं बदलता यायचं. एवढी मेहनत करून गोष्ट हाताशी आणली आणि यू११मध्ये सोडून दिली. १०.२५ आणि १०.७ इंचांचे दोन पडदे एकाच वक्र काचेखाली आले आणि जवळपास सगळं काम स्पर्शावर गेलं.

माझं मत जरा वेगळं आहे. गोल बटणापेक्षा मोठं नुकसान एसीच्या वेगळ्या बटणांचं झालं. एफ४८मध्ये पंख्याचा वेग चाचपडूनही बदलता यायचा. यू११मध्ये तापमान पडद्याच्या तळाशी कायम दिसतं, पण पंख्यासाठी एक पायरी आत जावं लागतं. मे महिन्यात नागपूरला किंवा अकोल्याला उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर पहिलं काम पंखा वाढवायचं असतं. नेमकं ते काम पडद्याच्या आत आहे.

हा म्हाताऱ्यांचा हट्ट नाही. स्वीडनमधल्या एका मोटार मासिकानं २०२२ मध्ये बऱ्याच गाड्या एकाच कसोटीवर लावल्या होत्या. ताशी ११० किलोमीटर वेगात चालकाला एसी, रेडिओ अशी ठरलेली कामं करायची होती, आणि गाडीशी ओळख करून घ्यायला आधी वेळही दिला होता. २००५ सालच्या बटणवाल्या व्होल्व्होत ती कामं १० सेकंदांत, ३०६ मीटर अंतरात उरकली. बीएमडब्ल्यूच्या आयएक्सला ३० सेकंद आणि ९२८ मीटर लागले. त्या आयएक्सला गोल बटण आहे! म्हणजे एका बटणानं सगळं सावरत नाही. नेहमीच्या कामांना नेहमीची जागा लागते. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनंही २०२६ पासून इंडिकेटर, हझार्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांसाठी प्रत्यक्ष बटणं किंवा दांडे असण्याला गुण जोडले, ते याच काळजीपोटी.

आवाज कमी-जास्त करण्याची फिरकी मधल्या तरंगत्या कन्सोलवर ठेवली आहे, तेवढा दिलासा. २०२३ च्या अखेरीपासून आलेल्या नव्या प्रणालीत मेन्यूही थोडे उथळ झाले, नेहमी लागणाऱ्या गोष्टी पहिल्याच पानावर आल्या. तरी घेण्याआधी स्वतः चालवत्या सीटवर बसून हे करून बघाच.

दिसण्याबद्दल मतं एवढी टोकाची का?

नाकावरच्या ग्रिलमुळे. ती मोठी आणि चौकोनी झाली. माझ्या डोळ्याला यू११ एफ४८पेक्षा जास्त बांधीव वाटते, खांदे रुंद दिसतात, दाराचे हँडल पत्र्यात बसवलेले छान आहेत. नावडती असेल तर गडद रंगात बघा, ग्रिल निम्मी नाहीशी होते.

मागच्या सीटवर आई-बाबांना सोयीची आहे का?

हो, आणि नव्या आराखड्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे. गाडी ४५०० मिलिमीटर लांब, १८४५ रुंद आणि १६४२ उंच आहे. सीट कमरेच्या उंचीला येते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकून घुसावं किंवा वर चढावं लागत नाही, सरळ बसता येतं. ई८४मध्ये मागे बसलेल्या उंच माणसाचे गुडघे पुढच्या सीटला टेकायचे, ते दिवस संपले. तिघं मात्र शहरापुरतेच, लांबच्या प्रवासाला मागे दोघंच ठीक. युरो एनकॅपमध्ये २०२२ साली या गाडीला पाच तारे मिळाले आहेत.

आपल्या रस्त्यांवर सस्पेन्शन कसं वागतं?

वेग वाढला की छान, कमी असला की जरा कडक. समृद्धी महामार्गाच्या सिमेंटवर ती रुळावरून गेल्यासारखी जाते. गल्लीतले तुटके स्पीडब्रेकर आणि पेव्हर ब्लॉकच्या खाचा मात्र कळतात, विशेषतः मोठ्या चाकांच्या एम स्पोर्ट या प्रकारात. आराम हवा असेल तर लहान रिम आणि जाड टायर घ्या. दिसायला चार आणे कमी, पाठीला रुपया जास्त.

स्टेपनीबद्दल पुस्तिकेवर विसंबू नका. ठरवलेल्या नेमक्या गाडीची डिकी उघडून खालची पाटी उचला आणि काय आहे ते बघा. रात्री माणगावजवळ टायर गेला तर ती माहिती उपयोगाची.

ऑडी क्यू३ आणि मर्सिडीज जीएलएपेक्षा गाडीवेडे हिला वर का ठेवतात? की ठेवत नाहीत?

सगळे ठेवत नाहीत. २०२२ मध्ये भारतात आलेल्या दुसऱ्या पिढीच्या क्यू३मध्ये दोन लिटर पेट्रोल, १९० हॉर्सपॉवर, ३२० न्यूटन-मीटर आणि क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद. शून्य ते शंभर ७.३ सेकंद. सरळ रेषेत आणि ओल्या घाटात एक्स१ पेट्रोल तिच्या जवळपासही नाही. ती क्यू३ छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळवली जाते आणि एसीची बटणंही तिनं जपली आहेत. इंजिनासाठी गाडी घेणाऱ्या मित्राला मी तिच्याकडेच पाठवीन.

चाकणला तयार होणाऱ्या जीएलएचं २२०डी ४मॅटिक हे डिझेल १९० हॉर्सपॉवरचं आहे, तेही चारही चाकांवर. पण मागची सीट आणि डिकी एक्स१ची सरस. चेसिसचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा आणि सस्पेन्शनचा समतोलही मला एक्स१चाच आवडतो, ताकद कमी असूनही वळणावळणाच्या रस्त्यावर ती जास्त हुशारीनं चालते. म्हणून राग येतो तो यंत्र वाईट आहे म्हणून नाही. एवढ्या चांगल्या चेसिसला आपल्याकडे जोरकस इंजिन दिलं नाही याचा येतो. युरोपात याच गाडीची ३०० हॉर्सपॉवरची, चार सायलेन्सरवाली एम३५आय आहे.

लांब व्हीलबेसची इलेक्ट्रिक आयएक्स१ या वादात कुठे बसते?

ती वाद बदलून टाकते. जानेवारी २०२५ मध्ये ती ४९ लाखांना आली, म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या पंगतीत. व्हीलबेस २८०० मिलिमीटर, बॅटरी ६६.४ किलोवॅट-तास, २०४ हॉर्सपॉवर, आणि भारतीय चाचणीनुसार एका चार्जमध्ये ५३१ किलोमीटर. हायवेच्या वेगात प्रत्यक्ष आकडा यापेक्षा बराच कमी धरूनच बेत आखा.

तीन सिलिंडरच्या सगळ्या तक्रारी तिच्यात आपोआप मिटतात: आवाज नाही, गिअरचा धक्का नाही, पाय ठेवला की ताकद हजर. ताकद इथेही पुढच्याच चाकांना जाते. बॅटरीमुळे मागची जमीन थोडी उंच आहे, त्यामुळे पाय लांब करायला जागा भरपूर असूनही मांड्या सीटवर पूर्ण टेकत नाहीत. उंच माणसानं तासभर बसून बघावं. सोसायटीत चार्जरची सोय असेल आणि गाडी मुख्यतः शहरात फिरणार असेल, तर आज एक्स१ घराण्यातली सर्वांत शहाणी निवड हीच.

महाराष्ट्रात कराचा फरक किती पडतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल आणि डिझेल दोन्हींवर जीएसटी ४० टक्के आहे, उपकर गेला. इलेक्ट्रिकवर ५ टक्के. आरटीओत वैयक्तिक नावावर २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के कर, म्हणजे ५० लाखांमागे १ लाखाचा फरक. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर लावायचा २०२५ चा प्रस्ताव राज्य सरकारनं मागे घेतला, आणि त्याच वर्षीच्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी ठरली. गाडी कंपनीच्या नावावर घेत असाल तर आरटीओचा दर वेगळा आणि जास्त असतो.

टेस्ट ड्राइव्हला काय तपासू?

शोरूमच्या ठरलेल्या मार्गावर समाधान मानू नका. एक चढ, एक खराब गल्ली आणि दहा मिनिटांचं ट्रॅफिक मागून घ्या. चालत्या गाडीत पंखा वाढवा, नकाशावर नवं ठिकाण टाका, मागून कोणाला तरी “ताशी ८० ला आवाज किती येतो?” विचारा. घरची चार माणसं सोबत न्या, कारण एकट्या चालकासह पेट्रोल गाडी नेहमीच चपळ वाटते.

नव्या गाडीऐवजी जुनी, मागच्या चाकांची ई८४ शोधावी का?

रविवारच्या सकाळसाठी दुसरी गाडी म्हणून, जरूर. घरातली एकमेव गाडी म्हणून नको.

घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, २०११ पर्यंतच्या २०डीमधलं एन४७ डिझेल इंजिन. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला असते आणि ती झिजण्याचा इतिहास आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करून मागून खरवडल्यासारखा आवाज येतो का ते ऐका, कारण चेन बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दुसरी, रबरी बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि तेलाच्या गळत्या. या वयात त्या असणारच, किमतीतून तेवढे वजा करून घ्या. तिसरी, कागदपत्रं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, सुरुवातीच्या ई८४ आता त्या टप्प्यावर आहेत. पुढे फिटनेस तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण लागतं. ते झालेलं नसेल तर विकणाऱ्याकडूनच करून घ्या आणि मगच पैसे मोजा.